सुई की जेल? हिरड्यांच्या खोल सफाईतल्या भुलीचा इतिहास आणि तुमचा संशोधन-प्रश्न



'अमुक औषध आणि तमुक औषध यांचा तुलनात्मक अभ्यास' हा आपल्याकडच्या प्रबंधांचा सगळ्यात लाडका साचा. दोन गट करा, एकाला हे द्या, दुसऱ्याला ते द्या, आकडे काढा, पी-व्हॅल्यू लिहा, झालं! पण तुलना नेमकी कशाची करतोय हे ठरवलं नाही, तर वर्षभर राबून हाती फार काही लागत नाही. आज एकच उदाहरण घेऊन या साच्याच्या आत शिरू. हिरड्यांखालची खोल सफाई करताना रुग्णाला कमीत कमी त्रास व्हावा, यासाठी कोणती स्थानिक भूल चांगली?

प्रश्न सरळ वाटतो ना? पण याचा इतिहास पाहिला तर लक्षात येतं की प्रत्येक पिढीनं 'चांगली' या शब्दाचा अर्थ वेगळा धरला, आणि अर्थ बदलला तसा विजेताही बदलत गेला. मी मूळची रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, दंतवैद्य नाही. त्यामुळे हा लेख उपचाराचा सल्ला म्हणून वाचू नका. संशोधनाचा प्रश्न कसा घडतो याचं उदाहरण म्हणून वाचा.

आधी खोल सफाई म्हणजे काय?

दातांवर जमणारं कीटण वरवर असेल तर साध्या स्केलिंगनं निघतं. ते हिरडीच्या खाली उतरलं की हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये एक खिसा तयार होतो. याला दंतवैद्य 'पॉकेट' म्हणतात, आणि या आजाराला आपल्याकडे लोक सरसकट 'पायोरिया' म्हणतात. या खिशात अवजार घालून मुळावरचं कीटण खरवडून काढायचं, मूळ गुळगुळीत करायचं, याला स्केलिंग आणि रूट प्लॅनिंग म्हणतात. हे काम मिनिटाभराचं नसतं. तोंडाचे चार भाग करून ते दोन-चार बैठकांमध्ये विभागलं जातं. म्हणून पहिल्याच बैठकीत रुग्ण कळवळला तर तो दुसऱ्या बैठकीला येतच नाही. अर्धवट सफाई झालेल्या तोंडात आजार तसाच पुढे चालू राहतो. आराम हा इथे लाडाचा विषय नाही, उपचार पूर्ण होण्याची ती अट आहे.

एकच माणूस, दोन वळणं

११ डिसेंबर १८४४. अमेरिकेतलं हार्टफर्ड शहर. होरेस वेल्स या दंतवैद्यानं आदल्या दिवशी गार्डनर कोल्टन यांचा हास्यवायूचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, जाहीर प्रयोग पाहिला होता. तो वायू हुंगून वेल्सनं स्वतःचीच दाढ काढून घेतली. ती काढणारा दंतवैद्य होता जॉन रिग्ज. भूलशास्त्राच्या इतिहासात हा दिवस नोंदला गेलाय.

गंमत म्हणजे याच रिग्जनं पुढे १८७६ मध्ये हिरड्यांच्या आजारावर सविस्तर मांडणी केली. हिरड्या कापत बसू नका, त्यांच्या खालचं कीटण मुळापासून काढा, असं त्याचं म्हणणं होतं. अमेरिकेत हा आजार बराच काळ 'रिग्ज डिसीज' याच नावानं ओळखला जायचा. म्हणजे वेदनारहित दंतोपचाराच्या पहिल्या प्रयोगात ज्याचा हात होता, त्याच माणसानं पुढे तासभर चालणाऱ्या दुखऱ्या खरवडण्याची बाजू मांडली!

दाढ काढणं क्षणाचं काम, त्याला हास्यवायूची एक गुंगी पुरते. पण खोल सफाईत रुग्ण जागा हवा, त्यानं तोंड उघडं ठेवायला हवं आणि काम निवांत करता यायला हवं. त्यासाठी माणूस नाही, फक्त जागा बधिर करणारं औषध पाहिजे होतं.

कोकेन: भूल मिळाली, किंमतही कळली

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले लोक कोकाची पानं पूर्वापार चघळत आले आहेत. १८६० मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला आल्बर्ट नीमान यानं त्या पानांतलं कोकेन शुद्ध रूपात वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. ते जिभेवर ठेवलं की जीभ बधिर होते, हेही त्यानं लिहून ठेवलं. पुढची चोवीस वर्षं त्या नोंदीचा शस्त्रक्रियेसाठी कुणी नीट उपयोग केला नाही. निरीक्षण आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

१८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरानं ते कोकेन आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यावर वापरून पाहिलं. १५ सप्टेंबर १८८४ ला हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्याचा निबंध वाचला गेला, तोही त्याच्या वतीनं योसेफ ब्रेटाउअर यांनी. कारण कोलरकडे प्रवासाला पैसे नव्हते! (शोधवृत्ती थकल्यामुळे परिषद हुकलेल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवा.)

काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी कोकेन थेट मज्जातंतूजवळ टोचून खालचा जबडा बधिर केला. आजही दंतवैद्य खालच्या जबड्यासाठी 'ब्लॉक' देतात, त्याची सुरुवात ही. पण स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेडला कोकेनचं व्यसन जडलं.

या पिढीचा प्रश्न होता: 'दुखायचं थांबतं का?' उत्तर 'हो' आलं. मग पुढचा प्रश्न उभा राहिला: 'सुरक्षितपणे थांबतं का?'

प्रोकेन: सुरक्षित, पण एकट्यानं अपुरं

१९०१ मध्ये जोकिची ताकामिने यांनी अॅड्रेनालिन शुद्ध स्फटिकरूपात मिळवल्याचं जाहीर केलं. १९०३ मध्ये जर्मन शल्यवैद्य हाइनरिख ब्राउन यानं ते भुलीच्या औषधात मिसळलं. अॅड्रेनालिनमुळे त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध लवकर वाहून जात नाही, भूल जास्त वेळ टिकते आणि रक्तस्रावही कमी होतो. हिरड्यांच्या कामात हा दुहेरी फायदा आहे.

त्याच सुमारास आल्फ्रेड आइनहॉर्न यानं प्रोकेन तयार केलं. बाजारातलं नाव 'नोव्होकेन'. १९०५ मध्ये ब्राउननं स्टोव्हेन, अॅलिपिन आणि नोव्होकेन या तीन नव्या औषधांवर एकत्रित निबंध लिहिला. म्हणजे आपल्या 'तुलनात्मक अभ्यासा'चा हा एक पूर्वजच!

प्रोकेनचं व्यसन लागत नव्हतं, पण ते सावकाश चढायचं आणि लवकर उतरायचं. का? इथे थोडं रसायनशास्त्र येतं. भुलीचा रेणू शरीरात दोन रूपांत असतो, भारित आणि अभारित. मज्जातंतूच्या आवरणातून अभारित रूप सहज आत शिरतं. आत गेल्यावर भारित रूप सोडियमच्या वाहिन्या अडवतं आणि वेदनेचा संदेश पुढे जात नाही. कोणतं रूप किती असेल हे औषधाच्या पीकेए वर आणि ऊतीच्या पीएच वर ठरतं. प्रोकेनचा पीकेए साधारण ९.१. त्यामुळे ७.४ पीएचला त्याचा जेमतेम २ टक्के भाग अभारित असतो. लिडोकेनचा पीकेए सुमारे ७.९, म्हणजे त्याचा जवळपास २४ टक्के भाग आत शिरायला तयार असतो.

आता हाच हिशोब सुजलेल्या ऊतीसाठी करून पाहा. सूज आली की ती जागा आम्लधर्मी होते. समजा पीएच ६.४ पर्यंत उतरला, तर लिडोकेनचाही केवळ ३ टक्के भाग अभारित उरतो. म्हणजे निरोगी हिरडीत टोचून मिळालेला निकाल सुजलेल्या हिरडीला जसाच्या तसा लावता येणार नाही. प्रबंधात 'निवडीचे निकष' हा रटाळ वाटणारा परिच्छेद का लिहायचा, त्याचं कारण या एका गणितात आहे.

लिडोकेन: जिभेवर सापडलेलं औषध

१९३० च्या दशकात स्टॉकहोममध्ये हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांच्या प्रयोगशाळेत बार्लीच्या रोपांवर काम चालू होतं. त्या रोपांत ग्रामिन नावाचा पदार्थ सापडला. त्याची रचना तपासताना होल्गर एर्टमान यांनी त्याचा भाऊबंद, आयसोग्रामिन, बनवला आणि चाखून पाहिला. जीभ बधिर झाली! त्या धाग्यावरून निल्स लोफग्रेन यांनी संबंधित संयुगं बनवायला घेतली. १९४३ मध्ये 'एलएल ३०' हे संयुग तयार झालं. बेंग्ट लुंडक्विस्ट यानं ते स्वतःवर टोचून पाहिलं. आस्त्रा कंपनीनं १९४८ मध्ये ते 'झायलोकेन' नावानं बाजारात आणलं. हेच लिडोकेन.

(चाखून पाहण्याचा हा मार्ग आजच्या प्रयोगशाळेत अजिबात चालणार नाही. नैतिक समितीकडे जाण्याआधी गाईडच बाहेर काढतील!)

एक कामाची सूचना: आपल्याकडे याच औषधाला 'लिग्नोकेन' म्हणायची पद्धत आहे, आणि ब्रिटनमध्येही पूर्वी होती. साहित्याचा शोध घेताना दोन्ही नावं टाका, नाहीतर निम्मा इतिहास हाती लागणार नाही.

प्रोकेन एस्टर गटातलं, लिडोकेन अमाइड गटातलं. एस्टरच्या विघटनातून जो पदार्थ तयार होतो, त्याची काहींना अॅलर्जी येते. अमाइडमध्ये अशी अॅलर्जी दुर्मीळ. लिडोकेन लवकर चढतं, बराच वेळ टिकतं. त्यामुळे ते दंतवैद्यकाचं मापदंड झालं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक औषधाला त्याच्याशीच झुंजावं लागलं.

आर्टिकेन: दोन चाचण्या, दोन उत्तरं

जर्मनीत विकसित झालेलं आर्टिकेन १९७० च्या दशकात वापरात आलं आणि २००० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यासाठी झालेल्या मोठ्या चाचण्यांत ८८२ जणांना ४ टक्के आर्टिकेन आणि ४४३ जणांना २ टक्के लिडोकेन दिलं गेलं. उपचारादरम्यानच्या वेदनेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

२००७ मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६० जणांच्या खालच्या दाढांजवळ गालाच्या बाजूनं इंजेक्शन दिलं आणि दाताच्या आतली नस बधिर झाली की नाही हे विजेच्या सूक्ष्म प्रवाहानं तपासलं. इथे आर्टिकेन ७५ ते ९२ टक्के यशस्वी ठरलं, लिडोकेन ४५ ते ६७ टक्के.

मग खरं कोण? दोन्ही. पहिल्यात प्रश्न होता 'रुग्णाला किती दुखलं?' दुसऱ्यात होता 'नस बधिर झाली का?' शिवाय एक औषध ४ टक्के आणि दुसरं २ टक्के. म्हणजे दर मिलिलिटरला एकाचे ४० मिलिग्रॅम, दुसऱ्याचे २०. फरक दिसला तर तो रेणूचा की मात्रेचा? आणि आपल्याला हवी ती जागा तर हिरडी आहे, दाताची नस नाही. आर्टिकेनचे हे आकडे उचलून 'खोल सफाईत आर्टिकेन श्रेष्ठ' असं लिहिलंत, तर परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारणार.

सुईच नको: जेलचा प्रवेश

आतापर्यंतच्या कहाणीत एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरली होती, ती म्हणजे सुई. पण अनेक रुग्णांना सफाईपेक्षा सुईचीच धास्ती जास्त असते. शिवाय सफाई संपल्यावरही ओठ-जीभ तास-दोन तास जड राहते.

लिडोकेन साधारण ६८ अंश सेल्सिअसला वितळतं, प्रिलोकेन ३८ च्या आसपास. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळले की मिश्रण खोलीच्या तापमानालाच तेलासारखं पातळ होतं. याला युटेक्टिक मिश्रण म्हणतात. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात यातून त्वचेवर लावायचं मलम आलं. मग तीच कल्पना हिरडीच्या खिशात नेली. प्रत्येकी २.५ टक्के लिडोकेन आणि प्रिलोकेन असलेल्या अशा जेलला अमेरिकेत २००३ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. तिचा स्वभाव तुपाच्या बरोबर उलटा आहे. तूप थंडीत थिजतं, उबेत पातळ होतं. ही जेल बाहेर पातळ असते आणि शरीराच्या उबेनं घट्ट होते. त्यामुळे बोथट टोकानं खिशात सोडली की तिथेच टिकते. ३० सेकंद थांबायचं आणि काम सुरू करायचं. असर सुमारे २० मिनिटं. कमी पडली तर पुन्हा लावता येते. प्रिलोकेनमुळे क्वचित मेथेमोग्लोबिनेमिया, म्हणजे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटणं, होऊ शकतं. म्हणून मात्रेला मर्यादा आहे आणि ज्यांना हा धोका जास्त आहे अशा रुग्णांना ती देत नाहीत.

आधी या जेलची तुलना औषध नसलेल्या जेलशी झाली आणि ती सरस ठरली. पण दवाखान्यातला खरा प्रश्न 'जेल की काहीच नाही' हा नसून 'जेल की इंजेक्शन' हा आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात प्रत्येक रुग्णानं दोन्ही अनुभवलं. बधिरपणा इंजेक्शननं जास्त भरवशाचा आला, पण पसंती बहुसंख्यांनी जेलला दिली!

इथे थोडं थांबा. कमी बधिर करणाऱ्या गोष्टीला जास्त पसंती कशी? कारण 'वेदना' आणि 'आराम' या एकच गोष्टी नाहीत. सुईची भीती, टोचण्याची कळ, नंतरचा जडपणा हे सगळं रुग्णाच्या हिशोबात असतं. आपण मात्र फक्त खरवडतानाची वेदना मोजतो.

आराम मोजायचा कसा?

वेदनेसाठी सर्रास वापरली जाणारी पट्टी म्हणजे व्हिज्युअल अॅनालॉग स्केल, व्हीएएस. १०० मिलिमीटरची रेघ. एका टोकाला 'अजिबात दुखलं नाही', दुसऱ्याला 'कल्पनेपलीकडचं दुखणं'. रुग्ण खूण करतो, आपण मोजतो. अशा आलेखी पट्ट्यांची कल्पना १९२१ पासूनची, पण वेदनेसाठी ती रूढ झाली ती १९७४ मध्ये हस्किसन यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलेल्या लेखानंतर.

आता, खूण कधी करून घ्यायची? १९९६ मध्ये रेडेलमायर आणि कानेमान यांनी आतड्यांची दुर्बिणीतून तपासणी होणाऱ्या रुग्णांवर दाखवलं की नंतर आठवणारी वेदना ही मुख्यतः सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचे काही क्षण यांवर ठरते. एकूण वेळ किती लागला याचा परिणाम फारसा नसतो. आपल्या विषयात याचा अर्थ असा: इंजेक्शनची कळ सुरुवातीला येते, तर जेलचा असर २० मिनिटांनी उतरला की दुखणं शेवटी येतं. फक्त शेवटी विचारलंत तर जेलवर अन्याय, फक्त खरवडतानाचं विचारलंत तर सुईला सूट. म्हणून टोचताना किंवा जेल सोडताना, खरवडताना आणि सगळं संपल्यावर असं तीन वेळा मोजा. यातलं मुख्य मोजमाप कोणतं, हे आकडे हाती येण्याआधीच ठरवून लिहून ठेवा.

आंधळेपणाचा पेच

रुग्णाला आणि मोजणाऱ्याला औषध कळू न देणं ही चांगल्या चाचणीची खूण. आर्टिकेन विरुद्ध लिडोकेन यांत ते सोपं आहे, दोन्ही सुईनंच जातात. पण सुई विरुद्ध जेल यात रुग्णाला कळतंच! उपाय म्हणून प्रत्येकाला दोन्ही द्यायचं, त्यातलं एक खोटं. म्हणजे जेलच्या गटालाही सुई टोचायची. पण सुई टाळणं हाच तर जेलचा मुख्य फायदा. तोच काढून घेतला, तर आपण मोजतोय काय?

या पेचाला सोपं उत्तर नाही. औषधाचा गुण मोजायचा असेल तर आंधळेपणा ठेवा. रुग्णाचा खरा अनुभव मोजायचा असेल तर तो सोडा, पण निदान खुणा मोजणारी आणि आकडेमोड करणारी व्यक्ती वेगळी व अनभिज्ञ ठेवा. दोन्ही एकाच अभ्यासात मिळतील असं मात्र लिहू नका.

तुमच्या आराखड्यासाठी

एकाच तोंडाच्या दोन बाजूंना दोन उपचार द्यायची 'स्प्लिट-माउथ' पद्धत मिशिगनच्या सिगुर्द रॅमफ्योर्ड आणि सहकाऱ्यांच्या १९६८ च्या अभ्यासातून रूढ झाली. वेदना सोसण्याची ताकद माणसागणिक बदलते, त्यामुळे रुग्णाची तुलना त्याच्याशीच होणं फायद्याचं. पण सावध राहा:

- दोन्ही बाजूंचे पॉकेट सारख्या खोलीचे हवेत.
- कोणती बाजू आणि कोणतं औषध आधी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक ठरवा. पहिल्या बैठकीचा अनुभव दुसऱ्या बैठकीत डोक्यात असतोच.
- एका माणसाच्या दोन बाजू म्हणजे दोन माणसं नव्हेत. संख्याशास्त्रात जोडीची चाचणी लावा.
- सफाईत मुळात कमी दुखणारे रुग्णच घेतलेत तर दोन्ही आकडे शून्याजवळ येतील आणि फरक दिसायला जागाच उरणार नाही. म्हणून आधी प्रोबिंगच्या वेळची वेदना तपासून निवड करा.
- मात्रा आणि अॅड्रेनालिनचं प्रमाण लिहा. आपल्याकडे लिग्नोकेनसोबत १:८०,००० हे प्रमाण नेहमीचं, अमेरिकी निबंधांत बहुधा १:१,००,०००. म्हणजे दर मिलिलिटरला १२.५ आणि १० मायक्रोग्रॅम. परदेशी आकड्यांशी तुलना करताना हा फरक विसरू नका.
- पहिला रुग्ण घेण्याआधी नैतिक समितीची मंजुरी आणि सीटीआरआय नोंदणी, दोन्ही हातात हवं.

आणि एक मोजमाप जे सहसा कुणी घेत नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: रुग्ण पुढच्या बैठकीला आला का? त्याला पट्टी लागत नाही, यंत्र लागत नाही, फक्त हजेरीची वही लागते. रिग्जपासून आजपर्यंत खोल सफाईचं सगळं यश त्या एका परत येण्यावर उभं आहे. फक्त ते मोजायचं तर प्रत्येक रुग्णाला सगळ्या बैठकांत एकच भूल मिळायला हवी, म्हणजे स्प्लिट-माउथ सोडून वेगवेगळे गट करावे लागतील. बघा, प्रश्न बदलला की आराखडाही बदलतो.

तेव्हा आज रात्री आपल्या विषयाचं शीर्षक कागदावर लिहा आणि त्यातल्या 'परिणामकारकता' या शब्दाखाली रेघ मारा. मग शेजारी लिहा: कुणासाठी, कुठल्या क्षणी आणि कशाच्या तुलनेत? या तिन्हींची उत्तरं एका वाक्यात आली, तर तुमचा प्रश्न तयार आहे. अडलात तर खाली लिहा, मिळून सोडवू.